एका घराचे १२८ भाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वऱ्हाडात गावाच्या जमिनीचे दोन रंग. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीत पिकवायचे आणि पांढरीत येऊन खायचे, असा आपला शेकडो वर्षांचा रिवाज. काळीचा हिशेब सरकारदरबारी लिहिलेला असतो. गट नंबर, सातबारा, फेरफार, विहीर, झाडे, सगळे कागदावर. पांढरीचा हिशेब मात्र बहुतेक गावांत तोंडीच राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १२६ व्या कलमात गावठाणाच्या मोजणीची तरतूद आहे, पण ती दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावांसाठी. त्याहून लहान गावांचे गावठाण नकाशावर कोरेच असायचे. घर बापाचे, त्याआधी आजाचे, हे गावाला ठाऊक, म्हणून ते आपले. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली आणि घराघराभोवती चुन्याच्या रेघा मारून वरून ड्रोन फिरू लागले, ते याच कारणाने.

तोवर घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ. हा खरे तर कर आकारणीचा उतारा. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची एवढे तो सांगतो. घराचे सगळे मालक कोण, हे त्याला विचारू नये. त्यावर एकाच माणसाचे नाव असते, बहुधा घरातल्या थोरल्या पुरुषाचे. राहत्या घरात याने काही बिघडत नाही. घर विकायला काढले की मात्र नमुना आठवर नसलेली माणसे एकेक करून उभी राहतात. आमच्याकडे ती सात निघाली.

आमचे घर कौंडण्यपूरचे. अमरावतीहून चाळीसेक किलोमीटर, तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. नदीपलीकडे वर्धा जिल्हा लागतो. हे गाव विदर्भाची पुराणातली राजधानी, भीष्मक राजाचे नगर आणि रुक्मिणीचे माहेर. १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी इथल्या टेकाडांत उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्याही आधीपासूनच्या वस्तीचे थर निघाले. म्हणजे या पांढरीवर घरे बांधली गेली, पडली, त्यांच्या मातीवर पुन्हा घरे बांधली गेली, असे दोन हजारांहून जास्त वर्षे चाललेले आहे. आषाढीला इथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. ती १५९४ पासून चालत आल्याचे सांगतात. लेकीला माहेरची साडीचोळी घेऊन हे गाव इतके पायी चालत जाते.

माझे आजोबा या गावचे पिंजारी. कापसाचा मुलूख, त्यामुळे पिंजाऱ्याला काम कमी नव्हते. लग्नसराईच्या आधी गाद्या, दिवाळीनंतर रजया. ढेलजेत पिंजण टांगलेले असे आणि त्याच्या तातीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येई. घर धाब्याचे. जाड मातीच्या भिंती, सागवानी सर, त्यावर फळ्या आणि वर मातीचे छत. ओसरी, माजघर, एका अंगाला धान्याचे बळद, मागे आड. उत्तरेकडची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. त्या भिंतीत एक दिवळी आरपार होती. सणावारी तिच्यातून इकडून शीरखुर्मा जाई आणि तिकडून पुरणपोळी येई.

धाब्याचे घर माणसाशिवाय टिकत नाही, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल. दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती पसरून चोपावी लागते. एक पावसाळा हे राहिले की गळती लागते, दोन राहिले की सर कुजतो. अब्बा २००३ साली गेले, अम्मा २०१४ साली. तिच्यानंतर घराला कुलूप. मोठे भाई नोकरीपायी नागपूरचे झालेले, मधले भाई अकोल्यात, मी अमरावतीत. आपा आर्वीला दिलेली, छोटी अचलपूरला. पहिली दोन वर्षे आम्ही आळीपाळीने जाऊन माती घातली. मग माती घालणारा माणूस मिळेना. २०१९ च्या पावसात बळदाची भिंत बसली. २०२१ मध्ये मधले भाई गेले आणि त्या वर्षी तर कुलूप उघडायलाही कोणी गेले नाही.

मोठ्या भाईंनी विषय काढला तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. घर विकू या, हे बोलायला सोपे. त्यानंतरचा प्रश्न, कोणाचे किती?

इथे थोडे थांबतो, कारण आमच्या समाजाबाहेरच्या पुष्कळांना आणि आमच्यातल्याही बऱ्याच जणांना हा हिशेब नीट माहीत नसतो. मुस्लिम कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क मिळत नाही. बाप जिवंत असेपर्यंत सगळे त्याचे. त्याने डोळे मिटले की त्याच क्षणी वारसांचे हिस्से ठरतात, कोणी मागो वा न मागो. हिस्से कुराणाच्या सूरह निसामध्ये, ११ व्या आणि १२ व्या आयतीत सांगितलेले आहेत. मुलेबाळे असतील तर विधवेला आठवा भाग. उरलेल्यातून मुलाला दोन, तर मुलीला एक.

अब्बांच्या मागे अम्मा, तीन मुलगे, दोन मुली. घराचे ६४ भाग करा. अम्माचे ८. उरले ५६. ते आठांनी वाटायचे, कारण तीन मुलग्यांचे सहा आणि दोन मुलींचे दोन. म्हणजे आम्हा प्रत्येक भावाला १४, प्रत्येक बहिणीला ७. मग अम्मा गेली. तिचे ८ त्याच प्रमाणात फिरले. भाऊ १६ वर आले, बहिणी ८ वर. त्यानंतर मधले भाई गेले. त्यांच्या मागे भाभी, एक मुलगा, दोन मुली. आता ६४ ने भागत नाही, अपूर्णांक येतो, म्हणून १२८ करायचे. आम्हा दोन हयात भावांचे ३२-३२. बहिणींचे १६-१६. मधल्या भाईंच्या ३२ मधून भाभीचे ४, पुतण्याचे १४, पुतण्यांच्या बहिणींचे ७-७. करून पाहा, बेरीज बरोबर १२८ येते.

वाटणी व्हायच्या आत वारसच मरत गेले तर हिशेब कसा करायचा, याचे एक प्रकरणच आमच्या जुन्या शास्त्रात आहे. त्याला मुनासखा म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिझ्मीने बीजगणितावरचे पुस्तक लिहिले. ज्याच्या नावातल्या ‘अल जब्र’वरून अल्जिब्रा हा शब्द आला, तेच ते. त्याचा एक मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या गणितांनीच भरलेला आहे. शाळेत गणिताने मला छळले. घर विकताना कळले की हे गणित मुळात भावंडांची भांडणे मिटवायला कामी येत होते.

मुलीला मुलाच्या निम्मे का, हा प्रश्न आजचा वाचक विचारणार आणि त्याने विचारावा. सातव्या शतकात हातात काहीच नसलेल्या मुलीला ठरलेला हिस्सा मिळाला, हे मोठे पाऊल होते. पण पाऊल म्हणजे मुक्काम नव्हे. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, तेव्हापासून मराठीत ही चर्चा चालू आहे. तुर्कस्तानने १९२६ सालच्या नागरी कायद्याने मुलामुलींचा वाटा सारखा केला. आपल्याकडच्या बापालाही वाट मोकळी आहे. हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस करून, ताबा देऊन तो लेकीला हवे तेवढे देऊ शकतो. देणारे बाप मी फार पाहिले नाहीत. त्याहून नाइलाजाची गोष्ट ही की तो निम्मा हिस्सासुद्धा बहुतेक घरांत बहिणीच्या हाती पडत नाही.

तिने तो सोडायचा असतो, असा रिवाज आहे. ती स्वतःच म्हणते, “मला काही नको, माहेरची वाट उघडी ठेवा.” तिला ठाऊक असते की हिस्सा मागितला तर ईदचे बोलावणे बंद होईल. सही करणारीला चांगली बहीण म्हणतात. यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. हिंदू मुलींना १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलाबरोबरीचा हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो जन्मापासूनचा असल्याचे पक्के केले. आणि तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या बहिणी बसलेल्या दिसतात. भावाने आणलेला चहा पीत. रुक्मिणीचे लग्न शिशुपालाशी लावायचे, हे तिच्या भावाने, रुक्मीने परस्पर ठरवले होते. बहिणीच्या वतीने भावाने ठरवायची सवय आमच्या गावात बरीच जुनी म्हणायची.

उर्दूतला मेहर आणि मराठीतले माहेर यांच्यात काना-मात्रेचेच अंतर आहे, हे मी फार पूर्वी एका वहीत लिहून ठेवले होते. पुढे त्याची कविता काही झाली नाही.

तर आमच्याकडे काय झाले? आपाने रिवाजाप्रमाणे पहिल्याच बैठकीत सांगितले, “मला नको.” छोटी गप्प होती. मग म्हणाली, “आपा, तू नको म्हण. मी म्हणणार नाही. घर उभं होतं तोवर मी काही मागितलं का? माहेर होतं, मी ते घेत होते. आता माहेरच विकता आहात. मग त्याचे पैसे झाले तर माझा भाग मला द्या.” ओसरीवर कोणी काही बोलेना. मोठे भाई उठून आडाकडे गेले. आपा रडली, पण छोटीच्या विरुद्ध बोलली नाही. परत आल्यावर मोठे भाई म्हणाले, “कागदावर लिही. सगळ्यांचे.” हिशेब करायचे काम माझ्याकडे आले, कारण घरात लिहिणारा मीच. आपाचे १६ भाग मी तिच्या नावापुढे मांडले. तिने ते खोडायला सांगितले नाही.

पण लगेच विकता आले नाही. मधल्या भाईंची धाकटी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. तिचे ७ भाग कोण विकणार? मुस्लिम कायद्यात अल्पवयीनाच्या स्थावर मिळकतीची व्यवस्था बाप, आजा किंवा त्यांनी नेमलेला माणूस पाहू शकतो. आई तिला वाढवते, सांभाळते, पण तिचे घर आपल्या अखत्यारीत विकू शकत नाही. चुलत्यालाही ते करता येत नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घ्यायचा आणि विक्रीची परवानगी घ्यायची, ही रीत. आम्ही हिशेब केला, अर्जापेक्षा तिचा वाढदिवस जवळ होता. थांबलो. त्या पावसाळ्यात माजघराचा एक सर खाली आला आणि घराची किंमत, म्हणजे बांधकामाची, जवळजवळ संपली. उरली ती जागेची.

मग गिऱ्हाईक. दोन आले. एक अमरावतीचे व्यापारी, त्यांना यात्रेकरूंसाठी खोल्या बांधायच्या होत्या. कार्तिकात इथे दहीहंडीची मोठी यात्रा भरते, गाव फुलून जाते. त्यांनी जागा पाहिली, पावलांनी मोजली आणि १६ लाख सांगितले. दुसरे आमचे शेजारी, सामाईक भिंतीवाले. ते रात्री आले, बराच वेळ कापसाच्या भावावर बोलले, मग म्हणाले, “बाप्पा, तुमची भित अन् माही भित एकच हाय. दुसऱ्याले देसान त मले नवी भित बांधा लागन. पन माह्याजवळ तेवढे नाईत.” त्यांची ऐपत १२ लाख ८० हजारांची.

आमच्या शास्त्रात याला शुफा म्हणतात. घर विकायचे तर आधी हिस्सेदाराला विचारा, नंतर लागून असलेल्या शेजाऱ्याला. निव्वळ शेजारी म्हणून असलेला हा हक्क स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी १९६० च्या दशकातच राज्यघटनेशी विसंगत ठरवला, तेव्हा शेजाऱ्यांना कोर्टात जाऊन काही मागता आले नसते. शिवाय शुफा मागणाऱ्यालाही भाव तोच द्यावा लागतो, कमी नाही. पण मोठ्या भाईंच्या मनात शेजारीच होते. अब्बांच्या जनाज्याला पहिला खांदा शेजारच्या बाबांनी दिला होता, दिवळीतून आलेल्या पुरणपोळ्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या होत्या. भाई म्हणाले, “तीन लाखांसाठी शेजार मोडायचा का?”

छोटी अचलपूरहून फोनवर होती. तिने विचारले, “भाईजान, दिलदारी तुमची, आणि ती माझ्या भागातून?”

या वाक्याने माझी झोप गेली, हे सांगायला हरकत नाही. घर विकण्याविषयी आपण जे लिहितो-वाचतो, ते बहुतेक पुरुषांचे असते. आड, ओसरी, चिंचेचे झाड, आजोबांची काठी. त्यात खोटे काही नाही. पण आठवणींची किंमत लावताना आपण ती सगळ्या मिळकतीतून वजा करतो, आणि त्या मिळकतीत ज्यांचा आवाज कमी त्यांचेही भाग असतात हे विसरतो. भाभी अकोल्यात शिवणकाम करते. तिच्या पोरीची फी भरायची होती. शेजारधर्म तिनेही पाळावा, हे तिला कोणी सांगायचे?

तोड कागदावर निघाली. १६ लाखांना १२८ ने भागा, एका भागाचे १२,५०० येतात. १२ लाख ८० हजारांना भागा, १०,००० येतात. फरक भागामागे २,५०० चा. ठरले असे की घर शेजाऱ्यांना द्यायचे, पण बहिणी आणि मधल्या भाईंचे कुटुंब यांचा हिशेब व्यापाऱ्याच्या भावाने करायचा. शेजार ज्यांना राखायचा आहे, त्या दोघा भावांनी फरक सोसायचा. आपाला २ लाख, छोटीला २ लाख. भाभीला ५० हजार, पुतण्याला १ लाख ७५ हजार, त्याच्या दोन्ही बहिणींना ८७,५०० प्रत्येकी. हे झाले ८ लाख. उरलेले ४ लाख ८० हजार आम्हा दोघांत, २ लाख ४० हजार एकेकाला. मोठ्या भाईंनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “म्हणजे भावाला बहिणीपेक्षा चाळीस हजारच जास्त!” मग स्वतःच हसले. ते हसले म्हणून सगळे हसले.

शंभर रुपयांहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदलेले खरेदीखत लागते, हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा नियम. तालुक्याच्या गावी सगळे जमलो. खरेदीखताची भाषा तुम्हाला माहीत असेल. विकणाऱ्याला ‘लिहून देणार’ म्हणतात आणि घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’. टंकलेखन करणाऱ्याने लिहून देणारांची यादी वाचून दाखवली. मोठे भाई, मी, आपा, छोटी, भाभी, पुतण्या, त्याच्या दोघी बहिणी. आठ नावे, त्यांतल्या पाच बायका. नमुना आठवर आजोबांचे नाव होते, मग अब्बांचे, मग मोठ्या भाईंचे. त्या घरात नांदलेल्या, तिथे सारवलेल्या, तिथेच जन्मलेल्या एकाही बाईचे नाव घराच्या कुठल्याही कागदावर कधी लागले नव्हते. ते लागले विक्रीच्या दिवशी. कॅमेऱ्यापुढे बसताना आपाने बुरख्याचा पदर मागे सारला आणि यंत्रावर अंगठा ठेवला. तिचा अंगठा दोनदा उमटला नाही, इतक्या रेषा झिजलेल्या. तिसऱ्यांदा उमटला.

आपाने पैसे पोस्टात ठेवले, आपल्या एकटीच्या नावाने. तिच्या मुलांनी विचारले तर सांगते, “ते माझ्या बापाचे आहेत.” छोटीने अचलपूरच्या घरावर एक खोली चढवली. भाभीच्या मुलीची फी भरली गेली.

पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी आमच्या बाजूचे पडके काढले. चांगले निघालेले दोन सर त्यांनी गोठ्याला घातले. आजोबांचे पिंजण पुतण्याने अकोल्याला नेले. भिंतींची माती त्यांनी बंडीने शेतात नेऊन टाकली. जुन्या पांढरीची माती काळीला चांगली मानवते, हे आपल्याकडच्या कास्तकाराला सांगावे लागत नाही. दिवळीची भिंत मात्र त्यांनी ठेवली आहे, तिच्यावर आता पत्रे टेकवले आहेत.

बकरी ईदला आता आम्ही दोघे भाऊ आळीपाळीने बहिणींकडे जातो. मागच्या वेळी छोटीकडे गेलो, तर तिने नव्या खोलीत बसवले. खोलीला अजून रंग द्यायचा होता. मोठ्या भाईंनी भिंतीवर हात फिरवून विचारले, “गिलावा कोणी केला?” आणि मग तासभर गिलाव्यावर, वाळूच्या भावावर आणि पंख्याच्या जागेवर बोलणे झाले.